जुना व्हॉल्व्ह रेडिओ लगेच प्लगला लावू नका

अडगळीतून व्हॉल्व्हचा रेडिओ बाहेर निघाला, अंगावरची धूळ पुसून झाली, की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘लाव ना, चालतोय का बघू.’ त्या रेडिओच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच. माझा पहिला रेडिओ मी असाच घालवला. बटण फिरवलं, डायलमागचा दिवा लागला, वीसेक सेकंद शांतता, मग घूं असा खोल आवाज आणि पाठोपाठ डांबर वितळल्यासारखा वास. प्लग ओढेपर्यंत मागच्या झाकणाच्या भोकांतून धूर निघत होता. नंतर उघडून पाहिलं तर मुळात बिघडलेली वस्तू एकच होती, बोटाएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग. पण जाता जाता तो पॉवर ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जाळून गेला. कपॅसिटर आजही सहज मिळतो. त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाकडून तरी नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो.

म्हणून इथे जास्तीत जास्त जागा मी रेडिओ सुरू करण्याआधीच्या कामाला देणार आहे. बहुतेक संच त्या कामातच बरे होतात.

आधी आत काय चाललेलं असतं ते पाहू. जॉन अँब्रोस फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह बनवला आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मधोमध कॅथोड असतो. तो तापला की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला अ‍ॅनोड नावाचा पत्रा असतो आणि त्याला २०० ते २५० व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. या दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. कालव्यावरचं दार हलवायला थोडाच जोर लागतो, पण त्यामुळे कमीजास्त होणारं पाणी प्रचंड असतं. ग्रिडचं काम तसंच. तिच्यावरचा दाब अगदी थोडा बदलला की अ‍ॅनोडकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. दुबळ्या संकेताचा दणदणीत आवाज होतो तो यामुळे.

दुरुस्ती करणाऱ्याने यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कॅथोड तापायला वेळ लागतो, म्हणून हा रेडिओ बटण दाबल्या दाबल्या बोलत नाही, वीस-तीस सेकंद घेतो. आतला दाब जीवघेणा असतो. आणि ग्रिड कॅथोडच्या तुलनेत नेहमी थोडी ऋण राहायला हवी. ती धन झाली, किंवा पुरेशी ऋण राहिली नाही, तर दार सताड उघडं राहतं आणि व्हॉल्व्ह स्वतःच्याच प्रवाहाने भाजून निघतो. तिसऱ्या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत, कारण जुन्या रेडिओंचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

लोक सगळ्यात आधी संशय घेतात तो व्हॉल्व्हवर. काच दिसते, आत तार लाल होते, तेव्हा बल्बसारखा तोच उडाला असणार असं वाटतं. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह फार टिकाऊ असतात. काचेच्या आतून वरच्या टोकाला, कधी बाजूला, आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियमचा. नळीत राहिलेला वायूचा अंश शोषून घेण्यासाठी कारखान्यातच तो आत उडवलेला असतो. हा डाग चंदेरी किंवा तपकिरी-काळसर असेल तर नळीतली पोकळी शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला. व्हॉल्व्हची ही तपासणी प्लगशिवाय, नुसत्या डोळ्यांनी होते.

खरा गुन्हेगार कपॅसिटर. जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. रेडिओत तो अनेक प्रकारचा असतो आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या कारणाने म्हातारा होतो.

पत्र्याच्या डब्यासारखा उभा असतो तो इलेक्ट्रोलिटिक. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख असतो आणि त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. वीज अडवण्याचं काम हा थर करतो. सोबतचा ओलसर द्राव आणि चालू दाब यांच्या जोरावर तो थर टिकून असतो. संच वर्षानुवर्षं बंद राहिला की थर झिजतो आणि द्राव सुकतो. वापर नसताना वस्तू टिकते ही आपली समजूत इथे उलटी ठरते. रोज वाजणाऱ्या रेडिओतला इलेक्ट्रोलिटिक एकवेळ बरा सापडेल, पण चाळीस वर्षं बंद असलेल्या रेडिओतला क्वचितच. अशा कपॅसिटरला एकदम ३०० व्होल्ट दिले की तो जवळजवळ शॉर्ट असल्यासारखा वागतो. विजेचा प्रवाह एकदिश करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांना तो भार पेलत नाही. माझ्या पहिल्या रेडिओचं हेच झालं.

दुसरा प्रकार कागदाचा. मेणात किंवा डांबरासारख्या लुकणात बुडवलेली नळी, आत वर्ख आणि कागद यांची गुंडाळी. कागद हवेतली ओल ओढतो, आणि मग जिथून एकदिश प्रवाह अजिबात जाता कामा नये तिथून तो थोडा थोडा झिरपायला लागतो.

हा झिरपा किती घातक असतो ते आकड्यांत पाहू. ईएल८४ हा पुष्कळ संचांत आढळणारा आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा शेवटचा व्हॉल्व्ह. अ‍ॅनोडवर २५० व्होल्ट आणि ग्रिडवर कॅथोडच्या तुलनेत ऋण ७.३ व्होल्ट असताना त्यातून ४८ मिलिअँपिअर वाहतात. गुणाकार केला तर १२ वॉट. त्याच्या अ‍ॅनोडची कमाल मर्यादाही १२ वॉटच आहे. म्हणजे सगळं ठीक असतानासुद्धा तो काठावरच काम करत असतो. त्याच्या ग्रिडला आधीच्या व्हॉल्व्हकडून संकेत येतो तो एका कागदी कपॅसिटरमधून, ज्याला कपलिंग कपॅसिटर म्हणतात. त्याच्या पलीकडच्या टोकाला समजा १०० व्होल्ट आहेत. कपॅसिटरचा झिरपा १० मेगओहम रेझिस्टरएवढा आहे (रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग) आणि ग्रिडपासून चासीपर्यंतचा, म्हणजे रेडिओच्या धातूच्या सांगाड्यापर्यंतचा, रेझिस्टर ४७० किलोओहमचा आहे. हिशेब मांडला की ग्रिडवर सुमारे साडेचार व्होल्ट धन दाब येऊन बसतो. ऋण ७.३ मधून तेवढे गेले की उरतं काय? कॅथोडचा रेझिस्टर थोडं सावरून घेतो, तरी व्हॉल्व्ह मर्यादेच्या बराच वर जातो. आवाज फाटका येतो, अ‍ॅनोडचा पत्रा अंधारात लालसर दिसायला लागतो आणि काही काळाने या व्हॉल्व्हच्या आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसाएवढी तार तुटते.

आणि हाच कपॅसिटर साध्या मल्टिमीटरवर चांगला दिसू शकतो. मीटर ओहम मोजताना एखाद-दोन व्होल्टच वापरतो, झिरपा खरा प्रकट होतो तो शंभर व्होल्टला. म्हणून माझा नियम सरळ आहे: कागदी कपॅसिटर मोजत बसायचं नाही, सगळे बदलायचे. इलेक्ट्रोलिटिकही बदलायचे. अभ्रकाचे चपटे आणि सिरॅमिकचे बहुधा चांगले असतात, त्यांना कारणाशिवाय हात लावू नये.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि काहीही हलवण्याआधी फोटो घ्या. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या सॉकेटमध्ये आहे, कोणती तार कुठे जाते, डायलची दोरी कोणत्या चाकावरून कशी फिरते, सगळ्याचे. दोरीचा फोटो राहून गेला तर नंतर संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. झाकणावर किंवा पेटीच्या आत व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असेल तर तो जपा.

मग संच कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. यावर तुमचा जीव अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई नको. एका जातीत मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातली वीज आणि चासी यांना वेगळं ठेवतो. दुसऱ्या जातीत तो नसतोच. व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारा, एकामागोमाग माळेत जोडून सरळ मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, टाकलेले असतात आणि चासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. अमेरिकेतल्या पाच व्हॉल्व्हच्या छोट्या संचांत १२, १२, १२, ५० आणि ३५ व्होल्टचे हीटर असत. बेरीज १२१. तिथल्या घरगुती विजेचा दाबही साधारण तेवढाच, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला. व्हॉल्व्हच्या नावातूनही हे कळतं. अमेरिकन नावातला सुरुवातीचा आकडा साधारणपणे हीटरचा व्होल्टेज सांगतो, ५०सी५ म्हणजे ५० व्होल्ट, ६व्ही६ म्हणजे ६.३. युरोपीय नावात पहिलं अक्षर पाहायचं. ‘ई’ असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर, ‘यू’ असेल तर १०० मिलिअँपिअरच्या माळेतला. म्हणजे आत ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की चासी जिवंत असू शकते असं समजूनच हात घालायचा.

अशा संचात प्लग उलटा बसला तर पूर्ण मेन्सचा दाब चासीवर, चासीतून बटणाच्या दांड्यावर आणि बटण घट्ट करणाऱ्या छोट्या स्क्रूवर येतो. काही संचांत खटका न्यूट्रलच्या तारेत असतो. तिथे प्लग सरळ असूनसुद्धा, रेडिओ बंद केल्यावर हीटरच्या माळेतून दाब चासीवर येऊन थांबतो. बंद आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला धक्का बसतो तो असा. या जातीचा संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून संच वेगळा ठेवणारा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर) असल्याशिवाय उघड्यावर चालू करू नये. आणि दुरुस्तीचा हा तुमचा पहिलाच रेडिओ असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या संचापासून सुरुवात करा, ही माझी आग्रहाची विनंती.

वायरीकडे बघा. त्या काळच्या रबरी आवरणाचा आता बिस्किटासारखा चुरा होतो, वाकवली की तांबं उघडं पडतं. अशी वायर बदलायचीच. पण इथे एक सापळा आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही संचांत जास्तीचा दाब जिरवण्यासाठी मेन्सच्या वायरीतच रेझिस्टन्सची तार विणलेली असते. वायर लांब आणि चालताना कोमट. लांब वाटली म्हणून ती कापली, किंवा तिच्या जागी साधी वायर लावली, तर व्हॉल्व्हचे हीटर एका झटक्यात जातात. शिवाय अशा वायरीत आणि गरम होणाऱ्या भागांच्या मागच्या पांढऱ्या-करड्या कागदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, ओढू नका, सुकं झाडू नका. जसं आहे तसं राहू देणं बरं.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा खटका किंवा फिरती चकती असेल तर ती तुमच्याकडच्या विजेशी जुळवून घ्या. तुमच्याकडे २३० व्होल्ट येत असतील आणि चकतीवर २२० आणि २४५ असे पर्याय असतील, तर मी २४५ निवडतो. आवाजात फरक कळतही नाही आणि सगळे भाग जरा थंड राहतात.

एव्हाना चासी पेटीबाहेर आली असेल. ती आडवी ठेवताना ट्यूनिंगचा गँग, म्हणजे स्टेशन लावायचा पानापानांचा कपॅसिटर, पूर्ण मिटवून ठेवा, म्हणजे त्याची फिरती पानं स्थिर पानांच्या आत गेली पाहिजेत. उघड्या पानांवर काही आपटून ती वाकली तर पुन्हा तंतोतंत सरळ करणं महाकठीण. स्पीकरच्या तारा सोडवाव्या लागल्या असतील तर चालू करण्याआधी त्या परत जोडा. स्पीकरविना व्हॉल्व्ह रेडिओ चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो जाऊ शकतो.

कपॅसिटर बदलताना एका वेळी एकच काढायचा आणि लगेच त्या जागी नवा लावायचा. सगळे एकदम कापून मग आठवत बसायचं नाही. कागदीच्या जागी पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, जुन्याएवढ्याच मूल्याचा आणि ४०० किंवा ६३० व्होल्टचा. इलेक्ट्रोलिटिकच्या धन-ऋण बाजू दोनदा तपासा, उलटा लागलेला फुटतो. जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त चांगलं असं समजून मोठं मूल्य लावण्याचा मोह होतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतर लगेच येणाऱ्या कपॅसिटरला मात्र मर्यादा असते. ईझेड८० साठी ती ५० मायक्रोफॅरड आहे. त्यापलीकडे गेलात तर दर वेळी कपॅसिटर भरताना व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाहाचा झटका त्याला पेलत नाही. आणि मेन्सला थेट जोडलेले कपॅसिटर वेगळ्या वर्गाचेच लागतात: दोन मेन्स तारांच्या मध्ये एक्स२, मेन्स आणि चासी यांच्या मध्ये वाय२. हे बिघडले तरी शॉर्ट न होण्याची काळजी घेऊन बनवलेले असतात. तिथे साधा फिल्म कपॅसिटर लावू नका, त्याने आग लागू शकते.

जुना पत्र्याचा डबा दिसायला छान असतो. तो जागेवर ठेवून त्याच्या तारा तोडायच्या आणि नवे छोटे कपॅसिटर चासीच्या खाली बसवायचे, असं मी करतो. डबा पोकळ करून नवे भाग त्याच्या पोटात लपवणारेही आहेत. काम सुरेख दिसतं, वेळ मात्र दुप्पट जातो.

रेझिस्टर त्या मानाने शहाणे. जुने कार्बनचे रेझिस्टर वयोमानाप्रमाणे वर सरकतात, ४७० किलोओहमचा ७०० झालेला सर्रास सापडतो. त्या काळी २० टक्के इकडेतिकडे चालत असे, म्हणून थोड्या फरकाने घाबरू नका. मोजून बघा, २० टक्क्यांपलीकडे गेलेले बदला. सेलेनियमचा रेक्टिफायर, म्हणजे चौकोनी पंखांची थप्पी, आढळली तर ती सर्किटमधून काढून सिलिकॉन डायोड लावा. सेलेनियम जळतं तेव्हा घाणेरडा आणि विषारी धूर सुटतो. डायोडमध्ये दाबाची घट फारच कमी होते, त्यामुळे वाढलेला दाब उतरवण्यासाठी सोबत एक रेझिस्टर लागतो.

आता पहिल्यांदा वीज. तीही थेट द्यायची नाही. रेडिओच्या एका मेन्स तारेत तारेच्या फिलॅमेंटचा जुना बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा, ४० किंवा ६० वॉटचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. टंगस्टनच्या तारेचा गुण असा की थंड असताना तिचा रोध गरम असतानाच्या एक दशांशाहूनही कमी असतो. रेडिओ नीट असेल तर प्रवाह कमी, तार थंडच राहते आणि रेडिओला बराचसा दाब मिळतो. आत शॉर्ट असेल तर प्रवाह वाढतो, तार तापते, रोध चढतो आणि सगळा दाब बल्ब स्वतःवर घेतो. बल्ब भपकन पूर्ण उजेडाने लागला आणि तसाच राहिला, तर लगेच बंद करून चूक शोधा. क्षणभर उजळून मंद झाला, मग व्हॉल्व्ह तापल्यावर किंचित वाढला, तर समजा सगळं ठीक चाललंय. एवढ्या साध्या जुगाडाने माझे निदान चार ट्रान्सफॉर्मर वाचवले आहेत. मात्र हा बल्ब रेडिओला वाचवतो, तुम्हाला नाही. विजेचा धक्का त्यामुळे कमी होत नाही.

चालू चासीवर मोजमाप करताना एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवायची सवय लावून घ्या. दोन्ही हात आत असले की धक्क्याचा रस्ता छातीतून जातो. मीटरची काळी चिमटी चासीला लावून ठेवायची आणि एकाच हाताने लाल टोक फिरवायचं. बंद केल्यावरही नवे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी त्यांच्यावर काही सेकंद धरा, मग मीटरने शून्य आल्याची खात्री करा, आणि मगच बोट लावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत मला मुळीच पसंत नाही, त्याने कपॅसिटर आणि माणूस दोघेही दचकतात.

बल्ब काढून रेडिओ थेट मेन्सवर आला की पहिलं माप आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर घ्या. कॅथोडला रेझिस्टर असलेल्या संचात चासीच्या तुलनेत तिथे शून्य यायला हवं. धन दाब दिसला तर एकतर कपलिंग कपॅसिटर झिरपतोय किंवा व्हॉल्व्हमध्येच वायू शिरलाय. ट्रान्सफॉर्मरवाल्या संचात तो व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा. तरीही दाब असेल तर दोष कपॅसिटरचा. बाकीची मापं संचाच्या सर्व्हिस शीटशी, म्हणजे दुरुस्तीसाठी छापलेल्या माहितीच्या कागदाशी, ताडून बघा, पण एक लक्षात असू द्या. ते आकडे त्या काळच्या काट्याच्या मीटरने घेतलेले असतात. दर व्होल्टला १००० ओहमचा मीटर १०० व्होल्टच्या रेंजवर म्हणजे सर्किटवर एक १०० किलोओहमचा रेझिस्टर लटकवल्यासारखं होतं, आणि मोजायला गेलं की दाब खाली येतो. आजच्या मीटरचा रोध १० मेगओहमच्या आसपास असतो. त्यामुळे तुमचं माप छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त आलं तरी संच बिघडलेला असेलच असं नाही.

इतकं करूनही स्टेशन लागत नसेल तर संकेताचा मार्ग समजून घ्यावा लागतो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेली सुपरहेटरोडाइन पद्धत यातल्या बहुतेक संचांत असते. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. समजा तुम्हाला १००० किलोहर्ट्झचं स्टेशन ऐकायचंय. रेडिओ स्वतःच १४५५ किलोहर्ट्झची एक लहर तयार करतो आणि दोन्ही एकत्र मिसळतो. मिसळल्यावर त्यांच्या फरकाची, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची लहर मिळते. स्टेशन ८०० वर असेल तर आतली लहर १२५५ होते, फरक पुन्हा ४५५. म्हणजे कुठलंही स्टेशन लावा, पुढच्या भागापर्यंत ते एकाच ठरावीक वारंवारतेवर पोचतं, आणि त्या एकाच वारंवारतेसाठी पुढचा भाग नेमका बसवता येतो. अनेक युरोपीय संचांत ही वारंवारता ४७० च्या जवळपास ठेवलेली असते.

शोध घेताना मी स्पीकरकडून एरियलकडे उलटा जातो. ट्रान्सफॉर्मरवाल्या संचात आवाजाच्या कंट्रोलच्या मधल्या टोकाला एका छोट्या कपॅसिटरमधून फोनमधला किंवा दुसऱ्या यंत्रातला आवाज द्या. तो स्पीकरमधून स्वच्छ आला तर स्पीकरच्या बाजूचा निम्मा संच चांगला आहे आणि दोष एरियलच्या बाजूला आहे. जिवंत चासीच्या संचात हे चुकूनही करू नका. घूं आवाज सतत येत असेल तर त्याची पट्टी ऐका. ५० हर्ट्झच्या विजेवर, दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय करणाऱ्या संचात फिल्टरचे कपॅसिटर कमी पडले की १०० हर्ट्झची गुणगुण येते. त्याहून खालची, ५० हर्ट्झची असेल तर हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती किंवा सैल पडलेली शील्ड बघा. आणि अगदी बारीक करकर सगळ्या डायलवर पसरली असेल तर आधी खोलीतले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून बघा. हा रेडिओ बनला तेव्हा हे आवाज हवेत नव्हते.

किरकोळ कामं भराभर होतात. आवाजाचं बटण खरखरतंय, बँडचा खटका धड लागत नाही, हे बहुतेक वेळा मळाचं काम असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एखादा थेंब टाकून पाच-पंचवीस वेळा फिरवलं की सुधारतं. तेलकट फवारा मात्र नको. स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला पांढरा डिंक पुरतो, फक्त थर जाड होऊ देऊ नका. लाकडी पेटी असेल तर वरचा व्हिनिअरचा थर फार पातळ असतो, सँडपेपरने दोन मिनिटांत आरपार जातो. मी ओलसर फडक्याने मळ काढून थांबतो. जुनं पॉलिश थोडं ओरखडलेलं असलं तरी राहू देतो, कारण ते एकदाच असतं.

राहिलं अलाइनमेंट, म्हणजे संकेताच्या मार्गातले भाग नेमक्या वारंवारतेवर बसवणं, आणि इथे पुष्कळ चांगले संच हातचे जातात. पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्यांच्या टोकाला स्क्रू दिसतात. ते सैल झालेत असं समजून लोक ते घट्ट करतात. ते आयएफ ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे त्या ४५५ किलोहर्ट्झसारख्या ठरावीक वारंवारतेवर बसवलेल्या गुंडाळ्यांचे, गाभे असतात आणि कारखान्यात बरोबर जागेवर लावलेले असतात. घट्ट करायची ती वस्तूच नाही. कपॅसिटर आणि रेझिस्टर ठीक झाल्यावर बहुतेक संचांना अलाइनमेंट लागतच नाही. लागलंच तर सिग्नल जनरेटर आणि आउटपुट मोजायचा मीटर हाताशी हवा, पेचकस प्लॅस्टिकचा हवा, आणि मूळ जागेची पेन्सिलखूण आधी करून ठेवायला हवी. गाभा जाम असेल तर जोर लावू नका. तो फुटला की आतला पेच अडकून बसतो.

पहिले काही तास रेडिओ एकटा सोडू नये. पहिल्या तासाला दर दहा-पंधरा मिनिटांनी मी ट्रान्सफॉर्मरजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब बघतो, अंधार करून आउटपुट व्हॉल्व्हचा पत्रा लाल होत नाही ना ते बघतो, आणि शेवटी ग्रिडवरचं माप पुन्हा घेतो. सगळं जागेवर राहिलं की चासी पेटीत, झाकण पक्कं. झाकण लावण्याआधी एका कागदावर तारीख, बदललेले कपॅसिटर आणि रेझिस्टर, मोजलेले व्होल्टेज आणि मागची चकती कितीवर ठेवली आहे ते लिहून तो कागद पेटीच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून लांब, चिकटवतो. वीस वर्षांनी झाकण उघडणाऱ्याने आधी तो वाचावा आणि मग प्लग हातात घ्यावा.